रोज ऑफिसला जायला भरवशाची, पण चालवायला कंटाळा येणार नाही अशी मोटरसायकल कोणती घ्यावी?

जाऊन-येऊन ४० किलोमीटर, बहुतेक रस्ता गर्दीचा, गाडीने दगा द्यायचा नाही आणि चालवताना मजाही आली पाहिजे, असं तुम्ही लिहिलंय. १२५ सीसी की थेट ४०० सीसी, इथे गाडी अडलीय. माझं उत्तर आधीच देतो: १२५ ते २०० सीसीमधली, दीडशे किलोच्या आतली, ताठ बसता येईल अशी एक सिलिंडरची गाडी घ्या. वाटेत मोठा हायवे असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे शेवटी येतो.

गर्दीत आपण ताशी २० ते ५० च्या वेगात असतो, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. जाहिरातीतला पॉवरचा आकडा मात्र इंजिन पार ओरडायला लागल्यावरचा असतो. त्यामुळे किती पॉवर यापेक्षा ती किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळते ते आधी वाचा. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आणि आधीची ३७३ सीसीची केटीएम ३९० ड्यूक घ्या. सीसी जवळपास सारखं, स्वभाव एकदम उलटे. क्लासिकचा पिस्टन ७२ मिमी रुंद आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८५.८ मिमी, म्हणून तिचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढायचा जोर) ४,००० आरपीएमलाच हाती येतो. ड्यूकचं गणित ८९ बाय ६० मिमी. पॉवर दुपटीहून जास्त, पण ती सगळी बाहेर काढायला ९,००० आरपीएमपर्यंत जावं लागतं. सिग्नल ते सिग्नल जाताना तिथवर पोहोचणार कधी? क्लासिक कमी आरपीएमलाही छान ओढते, पण वजन १९५ किलोच्या आसपास. रोजच्या कामाला मला खालचा टॉर्कही हवा आणि कमी वजनही, आणि हे दोन्ही एकत्र मिळतं ते छोट्या गाड्यांमध्येच.

टेस्ट राइडला एवढं करून बघा: तिसऱ्या गिअरमध्ये वेग २५-३० पर्यंत उतरू द्या आणि क्लच न दाबता हळूच रेस द्या. गाडी धक्के न खाता, न कुरकुरता उचलली तर गर्दीत तुमचा डावा हात सुखी राहील. प्रत्येक वेळी दुसरा टाकावा लागत असेल तर महिन्याभरात तुम्हीच वैतागाल.

वजनाचं महत्त्व शोरूममध्ये कळत नाही. ते कळतं उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना, किंवा अर्ध्या फुटाच्या फटीतून पुढे सरकताना. दोन्ही पावलं नीट टेकतात का, हँडल पूर्ण वळवल्यावर गुडघ्याला लागतं का, थांबल्यावर न्यूट्रल पटकन सापडतो का, हे पाहा. पुढे वाकून बसायच्या स्पोर्ट गाडीच्या मोहात पडू नका. तशा गाडीवर जोरात जाताना समोरचा वारा छाती थोडी पेलून धरतो. गर्दीत तो वारा नसतो, सगळा भार मनगटांवर येतो. आणि मोठ्या लिक्विड-कूल्ड (पाण्यावर थंड होणाऱ्या) इंजिनाचा पंखा सिग्नलला सुरू झाला की गरम झोत थेट मांडीवर.

आता भरवसा. होंडाची सुपर कब ही छोटी गाडी १९५८ साली आली आणि २०१७ पर्यंत तिच्या १० कोटी गाड्या बनल्या. त्या इंजिनात दिपवणारं काही नाही: एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, आकाराच्या मानाने कमीच ताकद काढलेलं. ज्या इंजिनाकडून फार मागत नाही ते जास्त टिकतं. शिवाय नवं कोरं मॉडेल पहिल्याच वर्षी घेऊ नका, दोन-तीन वर्षं रस्त्यावर असलेलं घ्या. सेल्समनला विचारण्यापेक्षा कंपनीबाहेरच्या एखाद्या जुन्या मेकॅनिकला विचारा की या गाडीचा कोणता पार्ट सारखा मागवावा लागतो आणि तो यायला किती दिवस लागतात. टॅपेटचंही विचारा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट कशी सेट करतात ते. स्क्रू-नटचे टॅपेट थोड्या वेळात सेट होतात. शिमचे (ठरावीक जाडीच्या चकत्यांचे) असतील तर बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा दांडा, काढावा लागतो, मजुरी वाढते आणि मग लोक ते काम पुढे ढकलत राहतात. गाडी बिघडते ती बऱ्याचदा अशाच ढकललेल्या कामांनी.

चेनचंही तसंच. दर ५०० किलोमीटरच्या आसपास साफ करून ल्यूब मारायचं आणि ढिलाई मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापात ठेवायची. तुमच्या हिशोबाने हे काम दोन-अडीच आठवड्यांनी येणार. कंटाळा असेल तर पूर्ण बंद चेनकव्हर असलेली गाडी पाहा. दिसायला अगदी काकांची, पण चेन धूळ-पाण्यापासून वाचते. एक काळजी फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हवी: इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपालाही वीज लागते, त्यामुळे बॅटरी पार उतरली तर किक असूनही उपयोग होईलच असं नाही. सकाळी सेल्फ रखडायला लागला की बॅटरी तपासून घ्या.

एबीएसवर, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, मात्र तडजोड नको. जोरात ब्रेक मारताना वजन पुढे येतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं, आणि ओल्या रस्त्यावर ते लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. निदान पुढच्या चाकाला एबीएस हवाच. टायर ट्यूबलेस घ्या. खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते, आणि ऑफिसची वेळ सांभाळायची तर हे फार मोलाचं.

मजेचं म्हणाल तर हलक्या गाडीला कोपरा घेताना नुसता इशारा पुरतो, आणि रेस पूर्ण उघडली तरी तुम्ही वेगमर्यादेच्या आसपासच असता. मोठ्या गाडीची ताकद गर्दीत नुसती आवरून धरावी लागते. त्यात कसली मजा?

आता हायवेचं. रोजच्या वाटेत दहा-पंधरा किलोमीटर ताशी ८०-९० ने जायचा पट्टा असेल तर १२५ वर तिचा जीव निघेल आणि हँडलच्या थरथरीने तुमची बोटं बधीर होतील. अशा वेळी २०० ते २५० सीसीची, बॅलन्सर शाफ्ट (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) असलेली गाडी घ्या आणि टेस्ट राइड निदान वीस मिनिटांची मागा, कारण मुंग्या यायला तेवढा वेळ लागतोच. ४०० तेव्हाही लागणार नाही.