जुन्या आऊटबोर्डला भंगारातला पॉवर ट्रिम बसेल का?

प्रश्न : आमच्या फायबरच्या होडीला 40 अश्वशक्तीचे जुने दोन-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेले, इंजिन आहे. ओहोटीच्या वेळी खाडीतल्या गाळावरून होडी दिवाळे गावाच्या धक्क्याकडे आणताना इंजिन हाताने उचलावे लागते, आणि वडिलांच्याने आता ते होत नाही. मुंबईच्या दारूखाना भागातल्या एका भंगारवाल्याकडे त्याच कंपनीच्या, पण मोठ्या इंजिनावरून काढलेला पॉवर ट्रिमचा, म्हणजे विजेवर इंजिन वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, पंप, मोटर आणि सिलिंडर मिळतो आहे. ब्रॅकेटला वेल्डिंग करून तो बसवता येईल, असे आमचे मिस्त्री म्हणतात. घ्यावा का? – एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई

उत्तर : एवढाच संच मिळत असेल, तर घेऊ नये. पॉवर ट्रिमचा सिलिंडर ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीला, बोल्टने आवळलेल्या दोन क्लॅम्प ब्रॅकेटांच्या मधल्या जागेत बसतो. त्याचे खालचे टोक या ब्रॅकेटांमधून जाणाऱ्या पिनेवर टेकलेले असते आणि वरचे टोक इंजिनाबरोबर हलणाऱ्या स्विव्हल ब्रॅकेटला जोडलेले असते. हाताने उचलायच्या इंजिनात ही जागा बहुधा पुरत नाही आणि वरची पिन अडकवण्याची सोयही नसते. म्हणून पंप स्वस्तात मिळतो का, यापेक्षा ब्रॅकेट जुळतात का, हे आधी पाहावे. तुमच्याच मॉडेलच्या पॉवर ट्रिमवाल्या इंजिनाचे दोन्ही क्लॅम्प ब्रॅकेट, स्विव्हल ब्रॅकेट, टिल्ट ट्यूब (इंजिन जिच्यावर वर-खाली फिरते ती आडवी नळी) आणि पंपासह सिलिंडर असे सगळे एकत्र मिळाले आणि शाफ्टची लांबीही जुळली, तरच या कामाला हात घालावा.

वेल्डिंगचा विचार मात्र सोडून द्यावा. हे ब्रॅकेट ओतीव ॲल्युमिनियमचे असतात, वर्षानुवर्षे खारे पाणी खाल्लेल्या ओतिवावर वेल्डिंगचा भरवसा धरता येत नाही, आणि पंख्याचा सगळा रेटा याच ब्रॅकेटांतून होडीला मिळत असल्याने सांधा तुटला तर इंजिनच खाडीत जाण्याची भीती असते. बाजारात मिळणारा स्क्रूचा विजेवरचा जॅक लावण्याचा सल्लाही कोणी देईल. तोही मानू नये. ट्रिमच्या सिलिंडरमध्ये दोन कामांची सोय असते : रिव्हर्स टाकल्यावर तो इंजिन वर उसळू देत नाही, आणि गाळात रुतलेला खुंट किंवा ओंडका इंजिनाच्या पायाला लागला, तर आतला व्हॉल्व्ह उघडून इंजिनाला मागे उचलले जाऊ देतो. जॅक तसा सुटत नाही, त्यामुळे तो धक्का थेट गिअरच्या पेटीवर आणि ट्रान्समवर येतो.

पूर्ण संच मिळाल्यास पैसे देण्याआधी 12 व्होल्टच्या बॅटरीवर मोटर दोन्ही दिशांनी फिरवून पाहावी. मोटरला दोन वायरी असतील तर वायरींची अदलाबदल केल्यावर ती उलटी फिरते. तीन असतील तर दोन दिशांच्या दोन आणि एक अर्थिंगची असते, आणि दोन्ही प्रकारांची रिलेची (मोटरचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचची) जोडणी वेगवेगळी असते. सिलिंडरचा दांडा पूर्ण बाहेर काढून त्यावर नख फिरवावे. गंजाचे खड्डे नखाला लागले, तर नवे सील घातले तरी ते खड्डे त्याला कापतील. टाकीतले तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी गेलेले आहे.

विजेची बाजू बहुतेक जण विसरतात. दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनात लायटिंग कॉइल (दिव्यांसाठी वीज तयार करणारे वेटोळे) असली तरी तिच्यातून ए.सी. प्रवाह निघतो, त्यामुळे त्याचा डी.सी. करणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बसवल्याखेरीज बॅटरी चार्ज होत नाही. ट्रिमची मोटर बराच प्रवाह खेचते. जाड वायर वापरावी आणि फ्यूज बॅटरीच्या जवळच ठेवावा. तेल पंपावर लिहिलेलेच घालावे. पुष्कळ संचांना ऑटोमॅटिक गिअरचे तेल चालते, ब्रेक ऑईल मात्र कदापि नको, त्याने सील फुगतात. टाकीचे झाकण इंजिन पूर्ण वर असतानाच उघडावे, नाहीतर दाबाने तेल उसळते. हवा काढण्यासाठी इंजिन काही वेळा पूर्ण वर-खाली करून पुन्हा तेलाची पातळी पाहावी. रिव्हर्समध्ये इंजिन उसळू नये म्हणून असलेल्या जुन्या रिव्हर्स लॉकच्या आकड्याची जोडणीही काढावी लागते.

एवढा खर्च करण्याआधी मिस्त्रींना एक काम जरूर सांगा. हाताने उचलायच्या पुष्कळ इंजिनांना उथळ पाण्यात अर्धवट उचलून चालवण्याचा खटका मुळातच असतो आणि खाऱ्या पाण्याने तो जाम झालेला असतो. तो मोकळा करून टिल्ट ट्यूबचे बुश बदलले आणि ग्रीस भरले, तर उचलायचा जोर चांगलाच कमी होईल. कदाचित वडिलांचे काम तेवढ्यावरही भागेल.

खटक्यावर असो वा पॉवर ट्रिमवर, अर्धवट उचललेले इंजिन अगदी कमी वेगातच चालवावे आणि थंडाव्याच्या पाण्याची धार पडते आहे ना, हे पाहत राहावे. पाणी ओढणारी जाळी वर आली की पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतला रबरी पंखा) लगेच जळतो. पॉवर ट्रिम बसवलाच, तर धक्क्याला लागल्यावर उचललेल्या इंजिनाला आधाराचा खटका लावल्याशिवाय खाली हात घालू नये, कारण जुन्या सिलिंडरचे सील झिरपून इंजिन खाली येऊ शकते.