'थिंक डिफरंट': वेगळा विचार, की वेगळं विचार?

एका वाचकाला अ‍ॅपल कंपनीच्या 'थिंक डिफरंट' या गाजलेल्या टीव्ही जाहिरातीवर लेख लिहायचा आहे. घोषवाक्याचं मराठी काय करावं, असं त्यांनी चार जणांना विचारलं. कुणी 'वेगळा विचार करा' सुचवलं, कुणी 'वेगळं विचार करा'. तिसऱ्याने सांगितलं की मुळात इंग्रजीच चुकलेलं आहे, तिथे 'डिफरंटली' हवं होतं आणि अमेरिकेत त्यावरून तेव्हा बरीच कुरकुर झाली होती. यातलं बरोबर काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी सरळ उत्तर देतो. 'वेगळा विचार करा' हे मराठी शुद्ध आहे, 'वेगळं विचार करा' हे अशुद्ध. इंग्रजी वाक्य चुकीचं नाही, पण त्यावर आक्षेप घेणाऱ्यांचा कानही खोटा नव्हता. आता कारणं.

ही जाहिरात २८ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर पहिल्यांदा दाखवली गेली. मिनिटभराची, कृष्णधवल. आइन्स्टाइन, बॉब डिलन, मार्टिन ल्यूथर किंग, मोहम्मद अली, पिकासो, गांधीजी अशी माणसं एकामागून एक पडद्यावर येतात. निवेदन रिचर्ड ड्रायफस या अभिनेत्याच्या आवाजात आहे. शेवटी एक लहान मुलगी मिटलेले डोळे उघडते आणि मग ते दोन शब्द उमटतात. कंपनी काँप्युटर विकणारी, पण अख्ख्या जाहिरातीत काँप्युटर कुठेच नाही. त्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलला १ अब्ज डॉलरच्या वर तोटा झाला होता, सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज नुकताच कंपनीत परतला होता. अशा वेळी यंत्र न दाखवता थोरांचे चेहरे दाखवणं अनेकांना भावलं आणि १९९८ मध्ये या जाहिरातीला एमी पुरस्कारही मिळाला. पण ते सगळ्यांनाच रुचलं असं नाही. सलमान रश्दी यांनी १९९८ मध्ये 'टाइम' साप्ताहिकात गांधीजींवर लेख लिहिला, त्याची सुरुवातच या जाहिरातमालेतल्या गांधीजींच्या छायाचित्रापासून केली. ज्या माणसाने एका देशाच्या स्वातंत्र्यलढ्याला आकार दिला तो आता अ‍ॅपलसाठी मॉडेलिंग करतो आहे आणि त्याचे विचार काय होते याला इथे काही महत्त्व उरलेलं नाही, असा त्यांचा रोख होता. मला हा आक्षेप व्याकरणाच्या आक्षेपापेक्षा कितीतरी वजनदार वाटतो. पण प्रश्न व्याकरणाचा आहे, तेव्हा तिकडे वळू.

इंग्रजी शाळेत शिकवलेला नियम असा: क्रिया कशी घडते ते सांगायचं तर क्रियाविशेषण हवं, आणि ते बहुधा विशेषणाला 'ली' जोडून होतं. 'क्विक' म्हणजे जलद असणारा, 'क्विकली' म्हणजे जलद रीतीने. त्या हिशोबाने 'थिंक'च्या पुढे 'डिफरंटली' यायला हवं. हा आक्षेप जाहिरात तयार होत असतानाच कंपनीच्या आत निघाला होता. जॉब्जच्या चरित्रात त्याचं म्हणणं नोंदलेलं आहे: 'थिंक व्हिक्टरी' किंवा 'थिंक ब्यूटी' म्हणताना पुढचा शब्द जसा नाम असतो, तसा त्याला 'डिफरंट' नाम म्हणून हवा होता. शिवाय बोलण्यातलं 'थिंक बिग' होतंच. आणि मागे आयबीएम या प्रतिस्पर्धी काँप्युटर कंपनीचं सावट होतं. तिचे जुने प्रमुख टॉमस वॉटसन यांच्या काळापासून त्या कंपनीचं बोधवाक्य एकच शब्द होतं, 'थिंक'. १९९२ पासून तिचे लॅपटॉपही 'थिंकपॅड' या नावाने विकले जात होते. त्या शब्दाच्या शेजारी नुसतं 'डिफरंट' ठेवलं की प्रतिस्पर्ध्याला परस्पर उत्तर मिळत होतं. 'डिफरंटली'मध्ये तो ठोसा उरत नाही.

विशेषणाच्याच रूपात वापरलेलं क्रियाविशेषण इंग्रजीला नवं नाही. 'ड्राइव्ह स्लो' आजही लोक सर्रास म्हणतात. शेक्सपिअरचा हॅम्लेट स्वतःला 'इनडिफरंट ऑनेस्ट' म्हणवतो, म्हणजे 'बऱ्यापैकी प्रामाणिक', आणि तिथेही 'ली' नाही. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या पुढे बिशप झालेल्या धर्मगुरूने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात नेमका हाच वाक्प्रयोग अयोग्य म्हणून दाखवला. म्हणजे 'डिफरंट'चा जवळचा भाऊबंद 'इनडिफरंट' याच आरोपाखाली सव्वादोनशेहून अधिक वर्षं आधी उभा राहिला होता.

जाहिरातीच्या व्याकरणावर लोकांनी चिडण्याचाही हा पहिला प्रसंग नव्हता. १९५४ मध्ये विन्स्टन सिगारेटच्या घोषवाक्यात 'अ‍ॅज'च्या जागी 'लाइक' वापरलं म्हणून अमेरिकेतली भाषाप्रेमी मंडळी खवळली. वॉल्टर क्रॉन्काइट या वृत्तनिवेदकाने ते वाक्य टीव्हीवर म्हणताना आपल्या मनाने 'अ‍ॅज' केलं. पुढे कंपनीने त्या वादाचीच जाहिरात केली: तुम्हाला चांगलं व्याकरण हवं की चांगली चव?

आणि तरीही १९५९ च्या फोक्सवॅगनच्या 'थिंक स्मॉल' या जाहिरातीवर कुणी व्याकरणाची हरकत घेतल्याचं कानावर येत नाही. रचना तर तीच आहे. फरक इतकाच की 'स्मॉल' किंवा 'बिग' यांना 'ली' जोडून झालेलं रूप रोजच्या वापरात नाही. 'डिफरंट'च्या शेजारी मात्र 'डिफरंटली' हा रुळलेला शब्द तयार उभा आहे, म्हणून कान तिथे अडखळतो. आक्षेप घेणाऱ्यांना मी अडाणी म्हणत नाही ते यासाठी. त्यांना खटकलं ते खरंच खटकण्याजोगं होतं, फक्त त्यांनी वाक्याचा एकच अर्थ धरला. 'डिफरंटली' म्हटलं की विचार करण्याची रीत बदलायला सांगितली जाते. 'डिफरंट' म्हटलं की विचार कशाचा करायचा तेच सांगितलं जातं.

हा भेद मराठी माणसाला समजायला अवघड नाही, कारण तो आपल्याकडे आहे. 'भिंत पांढरी रंगव' असं आपण म्हणतो. 'पांढरी' हे रंगवण्याच्या रीतीबद्दल नाही, भिंत शेवटी कशी व्हायला हवी त्याबद्दल आहे. 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' यात तर गाण्याबद्दल सांगणारा शब्द गाणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. म्हणून तर आपल्या शालेय व्याकरणात 'क्रियाविशेषण' आणि 'क्रियाविशेषण अव्यय' अशा दोन वेगळ्या संज्ञा आहेत: 'जलद धावतो, जलद धावते' मधलं 'जलद' बदलत नाही म्हणून अव्यय, 'चांगला-चांगली' बदलतं म्हणून नुसतं क्रियाविशेषण.

त्याहून जवळचं उदाहरण 'चिंतणे' या क्रियापदाचं आहे. 'कुणाचं वाईट चिंतू नये', 'सगळ्यांचं भलं चिंतावं'. यात 'वाईट' म्हणजे वाईट रीतीने नव्हे. मनात जे आणायचं नाही तेच ते 'वाईट'. ते चिंतण्याचं कर्म आहे. जॉब्जला 'डिफरंट' जसा हवा होता, अगदी तसा. 'थिंक डिफरंट'ची वाक्यरचना मराठीत कुठे जिवंत असेल तर ती इथे आहे. दुर्दैवाने 'वेगळं चिंता' हे घोषवाक्य म्हणून चालणार नाही. वाचणाऱ्याला आधी 'काळजी'च आठवेल.

आता 'वेगळं विचार करा' का चुकतं ते पाहू. 'विचार करणे' यात 'विचार' हे पुल्लिंगी नाम आहे, आणि वाक्यात ते नामासारखंच वागतं. 'मी विचार केला', 'थोडा विचार कर', 'असला विचार मनातही आणू नकोस'. त्याच्या आधी येणारं विकारी, म्हणजे रूप बदलणारं, विशेषण त्याच्या लिंगाला धरून राहणार: थोडा, असला, वेगळा. 'थोडं विचार कर' असं मराठी माणूस म्हणत नाही, मग 'वेगळं विचार कर' तरी कसं म्हणेल? 'नीट विचार कर', 'पुन्हा विचार कर' यांतले 'नीट' आणि 'पुन्हा' बदलतच नाहीत, त्यामुळे तिथे प्रश्न उद्भवत नाही. 'सकारात्मक विचार करा' हे 'थिंक पॉझिटिव्ह'चं मराठी कुठलाही वाद न होता रुळलं तेही याच कारणाने. 'सकारात्मक'ला लिंगाचा प्रत्यय लागत नाही, म्हणून ते विशेषण आहे की क्रियाविशेषण हे कुणालाच ठरवावं लागलं नाही.

मग ही चूक येते कुठून? माझ्या मते लेखी आणि बोली रूपांच्या अदलाबदलीतून. 'वेगळे विचार' असं लिहिलेलं असतं तेव्हा ते अनेकवचन असतं: एक विचार, अनेक विचार, वेगळा विचार, वेगळे विचार. पण 'बरे' चं 'बरं', 'खरे' चं 'खरं' करायची सवय लागलेला हात 'वेगळे'चंही 'वेगळं' करून टाकतो. हा बदल फक्त नपुंसकलिंगी एकवचनात होतो. 'काळे घोडे'चं 'काळं घोडे' होत नाही, तसंच 'वेगळे विचार'चं 'वेगळं विचार' होत नाही. शिवाय 'वेगळं बोला', 'वेगळं लिहा', 'वेगळं करून दाखवा' ही सगळी वाक्यं शुद्ध आहेत, कारण तिथे मध्ये नाम नाही, 'वेगळं' स्वतःच कर्म आहे. त्यांच्या ओघात 'वेगळं विचार करा' तोंडात येतं. आणि 'करा' गाळून नुसतं 'वेगळं विचार' म्हणाल तर ते शुद्ध मराठी होईल, पण अर्थ होईल 'दुसरं काहीतरी विचार', म्हणजे प्रश्न बदल! 'विचारणे' हे क्रियापद मराठीने प्रश्नासाठी राखून ठेवलं आहे.

व्याकरणाचा निकाल लागला, तरी 'वेगळा विचार करा' वर माझं मन पूर्ण बसत नाही. ते व्याकरणामुळे नाही, वापरामुळे. 'विचार' या शब्दाला मराठीत हेतू, बेत असाही अर्थ आहे. 'काय विचार आहे?' म्हणजे बेत काय आहे. त्यामुळे 'आम्हाला वेगळा विचार करावा लागेल' हे वाक्य कल्पकतेचं राहत नाही. मागण्या मान्य झाल्या नाहीत तर आम्ही बाहेर पडू, असं ते सुचवतं. राजकीय बातम्यांत ते इतकं घासून गेलं आहे की कुणी नेता 'वेगळा विचार' म्हणाला की वाचक युती तुटण्याच्या गोष्टी करू लागतो. 'वेगळे'ला विभक्त होण्याची छटा आहेच: भाऊ वेगळे झाले, सून-मुलगा वेगळे राहतात. इंग्रजी 'डिफरंट'ला ही छटा नाही. आज्ञार्थी 'वेगळा विचार करा' मध्ये ती धमकी नाही हे मान्य, पण 'हे जमणार नाही, दुसरं काही बघा' असा सूर सहज येतो.

रीतीचा अर्थ, म्हणजे 'डिफरंटली', हवा असेल तर 'चाकोरी सोडून विचार करा' हे अस्सल मराठी आहे. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पाडलेली वाट, आणि त्या जाहिरातीतली माणसं त्या वाटेने गेली नाहीत हेच तिला सांगायचं होतं. जॉब्जचा अर्थ हवा असेल तर 'वेगळं काही मनात आणा' हे जास्त जवळ जातं. इथे 'वेगळं' हक्काने येऊ शकतं, कारण ते 'काही'शी जुळतं. 'हटके' मी टाळीन. त्याने चमकदारपणा येतो, पण आइन्स्टाइन आणि गांधीजींच्या चेहऱ्यांखाली तो शब्द हलका पडतो.

याच जाहिरातीच्या निवेदनात या माणसांना 'क्रेझी वन्स' म्हटलं आहे, त्याचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लेख लिहिताना अडेल. 'वेडे' लिहा आणि निर्धास्त राहा. 'ध्येयवेडा', 'संगीतवेडा', 'नाटकवेडा' या शब्दांत मराठीने वेडाला आधीच मानाची जागा दिली आहे. 'सनकी' किंवा 'विक्षिप्त' म्हटलं तर तो मान जातो.

लोकांच्या प्रतिक्रियांबद्दल लिहिताना आणखी एक सांभाळा. १९९७ ची व्याकरणाची कुरकुर आणि याच कंपनीच्या इतर जाहिरातींवरचा राग यांना एकच शब्द वापरू नका. १९८५ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी तिने डोळ्यांवर पट्टी बांधलेले कचेरीतले लोक रांगेने कड्यावरून खाली पडताना दाखवले. ज्यांना माल विकायचा तेच ते लोक होते, म्हणून ते दुखावले गेले. २०२४ च्या आयपॅडच्या जाहिरातीत वाद्यं, रंग, पुस्तकं एका अवजड यंत्राखाली चिरडली. त्यावर कलावंतांचा इतका संताप उसळला की कंपनीने माफी मागितली आणि ती टीव्हीवर दाखवायचा बेत सोडून दिला. त्या दोन्हींना 'जाहिरात अंगलट आली' असं म्हणता येतं. 'थिंक डिफरंट'ला नाही. तिच्याबद्दल 'नाकं मुरडली', 'हरकत घेतली' इथवरच थांबावं.

लेखात घोषवाक्य पहिल्यांदा येईल तिथे मूळ 'थिंक डिफरंट' देवनागरीत ठेवा आणि लगेच पुढे 'वेगळा विचार करा' द्या, म्हणजे वाचकाला शब्दार्थ कळेल. व्याकरणाचा वाद सांगाल तिथे 'वेगळ्या रीतीने विचार करा' आणि 'वेगळं काही मनात आणा' ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. पहिलं आक्षेप घेणाऱ्यांचं, दुसरं जॉब्जचं.