ल्योंला जाताय? निदान दोन रात्री राहा

पॅरिसहून टीजीव्ही या अतिवेगवान रेल्वेने दोन तासांत फ्रान्समधलं ल्यों शहर येतं, म्हणून बरेच जण सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. तसं अजिबात करू नका. सोन नदीकाठच्या जुन्या शहरातच मुक्काम करा. तिथल्या ‘त्राबूल’, म्हणजे घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसरीत निघणाऱ्या वाटा, मला सगळ्यात प्रिय. त्या सकाळीच बघा, आणि हळू बोला; वर माणसं राहतात. फुर्व्हिएर टेकडीवर फ्युनिक्युलरने, म्हणजे दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने, चढा, रोमन नाट्यगृह बघत पायी उतरा. शाकाहारी असाल तर ‘बुशों’ खाणावळीत बसण्याआधी विचारा, तिथे मांसाहारच मुख्य. 8 डिसेंबरच्या सुमारास दीपोत्सव असतो. तेव्हा जायचं तर खोली काही महिने आधीच धरून ठेवा.