डॅलसच्या भाड्याच्या घरात एजर कसा चालवायचा, इंदूरहून निघणाऱ्या ताईसाठी

तू विचारलंयस की जुलैत डॅलसला येतोय, लीजमधे लॉन आणि एजिंग भाडेकरूनेच करायचं लिहिलंय, तर एजिंग म्हणजे काय आणि मशीन इंदूरहून आणायचं का. मी पण सुदामानगरचीच, तुझ्याहून बरीच मोठी असेन म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मशीन तिकडून अजिबात आणू नकोस, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि इथे १२०, मोटर नीट चालायची नाही. एजरला उभं पातं असतं, ते फुटपाथ आणि ड्राइव्हवेच्या कडेने मातीत अर्धा ते दीड इंच जाऊन गवत सरळ रेषेत कापतं. दोरीवाला ट्रिमर वेगळा. इथलं बर्म्युडा आणि सेंट ऑगस्टीन गवत सरपटत सिमेंटवर येतं, दोन महिने सोडलं तर अर्धा फुटपाथ खातं.

वायरवालं मशीन घेतलंस तर एक्स्टेन्शन बाहेर वापरायचीच घे, जाड घे. इथे वायरीचा गेज नंबर जितका कमी तितकी वायर जाड, हे उलटं आहे, दुकानात गोंधळ होतो. ५० फुटापर्यंत १६ नंबर चालतो, १०० फुटाला १४ घे, पातळ वायरीने मोटरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि ती तापते. प्लग बाहेरच्या जीएफसीआय सॉकेटमधेच लाव, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारं सॉकेट, त्यावर टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं असतात, दर वेळी टेस्ट दाबून वीज जाते का बघ, मग रीसेट कर. आणि सुरुवात सॉकेटच्या जवळून करून लांब लांब जायचं म्हणजे वायर मागे राहते, मी पहिल्या वर्षी लांबून सॉकेटकडे येत होते, वायर पात्याखाली आली आणि कापली गेली, ब्रेकर पडला म्हणून वाचले. असं कधी झालंच तर वायरीला हात लावू नको, आधी भिंतीतला प्लग काढ.

गॉगल, जाड बूट, फुल पँट, ह्याला पर्याय नाही. आमच्या घरी एक खडा उडून ह्यांच्या भुवईला लागला, दोन टाके पडले, आणि हे मशीन चालवत नव्हते, बाजूला नुसते उभे होते! म्हणून आधी कडेचे खडे वेचायचे, मुलांना घरात पाठवायचं. स्प्रिंकलर एकदा चालू करून कुठे कुठे डोकी वर येतात ते बघून काड्या रोवून ठेव, बहुतेक ती कडेलाच असतात, आणि इंटरनेटची केबल कधीकधी दोन-चार इंचावरच पुरलेली असते तीही विचारून घे.

आता मातीचं, हे तुला पटकन समजेल कारण डॅलसची माती आपल्या माळव्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ओली झाली की बुटाला चिकटते. कोरडी खडखडीत असताना पातं आत जात नाही, चिखलात वीज वापरायची नाही, म्हणून पाणी दिल्यावर एक-दोन दिवसांनी कर. मशीन मागे कलवून चालू कर, पातं पूर्ण वेगात आलं की हळूच खाली टेकव, चाक सिमेंटवर ठेवून सावकाश चाल, ढकलू नकोस. ठिणग्या उडाल्या म्हणजे पातं सिमेंटला घासतंय, थोडं गवताकडे घे. पहिल्यांदा जुनी कड काढताना एका फेरीत खोल जायचा हट्ट नको, आधी अर्धा इंच, मग परत दुसरी फेरी. नंतर दर दोन कापण्यांना एकदा एजिंग केलं तरी पुरतं.

स्विच सोडला तरी पातं काही सेकंद फिरत राहतं. गार्डखाली माती अडकते ती काढायला हात घालायच्या आधी प्लग काढ, बॅटरीवालं असेल तर बॅटरी बाहेर, आणि मग काडीने खरवड, बोटाने नाही.

कापलेलं गवत रस्त्यावरच्या गटारात लोटू नको, ते पाणी सरळ नाल्यात जातं. २०१७ पासून स्वच्छतेत नाव काढणाऱ्या इंदूरच्या मुलीला हे सांगायला नको, पण इथे बरेच जण ब्लोअरने तिकडेच उडवतात. झाडून परत लॉनवर टाक. आणि घरमालकाला आत्ताच मेल करून विचार की आधीच्या भाडेकरूचं मशीन गॅरेजमधे आहे का, असेल तर नवीन घ्यायची गरज नाही, फक्त वायर कुठे सोललेली नाही ना ते बघून घे.