'गतिमंद' आणि 'मतिमंद': नेमके मंद काय?

अंबाजोगाई तालुक्यातील एका शिक्षिकेची पृच्छा आहे. शाळेच्या नोंदींत आणि पालकसभेतल्या बोलण्यात 'गतिमंद' व 'मतिमंद' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, तेव्हा त्यांचा अर्थ एकच मानावा काय, असे त्यांनी विचारले आहे. बुद्धी म्हणजे मेंदूचा वेगच असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असेही त्यांच्या वाचनात आले असून, तसे असल्यास दोन शब्द हवेतच कशाला, अशी त्यांची शंका आहे.

दोन्ही शब्दांचा अर्थ एक नाही, आणि संशोधनाचे म्हणणेही तसे नाही.

गोंधळाचे मूळ 'मंद' या पदात आहे. संस्कृतातच हा शब्द सावकाश चालणाऱ्यालाही लागतो आणि जे अल्प वा क्षीण आहे त्यालाही. पारंपरिक ग्रहांत सर्वांत हळू सरकणाऱ्या शनीला 'मंद' म्हणतात ते पहिल्या अर्थाने. मंद दिवा, मंद सुगंध, अग्निमांद्य ही उदाहरणे दुसऱ्या अर्थाची. दिवा मंद झाला म्हणजे उजेड उशिरा पोहोचतो असे नव्हे, तो कमी पडतो. 'गतिमंद' या शब्दात पहिला अर्थ आहे आणि 'मतिमंद' या शब्दात दुसरा. केवळ एका अक्षराच्या फरकाने यमक जुळल्यामुळे ते जुळे भाऊ वाटतात, इतकेच.

मराठवाड्याच्या बोलीने हा भेद कधीचाच केलेला आहे. कामाला वेळ लावणाऱ्याला 'लई थंड हाय' असे म्हणतात, तर सांगितलेले ज्याला उमगतच नाही त्याला 'मठ्ठ' किंवा 'ठोंब्या'; थंड माणूस हिशेबाला पक्का असू शकतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जुन्या मराठीत बुद्धीचे जे तीन प्रकार सांगत, त्यांतही वेगाला स्थान नाही. नमद्यात, म्हणजे खोगिराखालच्या लोकरीच्या जाड घडीत, सुई टोचून काढली की भोक बुजून जाते, ती नमदाबुद्धी. चामड्यात पाडले तेवढेच भोक राहते, ती चर्मबुद्धी. आणि पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब आपसूक पसरतो, तशी शिकवलेल्याच्या पलीकडे जाणारी ती तैलबुद्धी. कसोटी आहे ती काय टिकते आणि किती वाढते याची. 'हुशार म्हणजे झटपट' हे समीकरण रुजायला माझ्या मते स्पर्धा परीक्षांनी मोठा हातभार लावला. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे असल्यावर लातूरच्या शिकवणी वर्गांत 'स्पीड वाढव' हाच मंत्र ऐकू यावा, यात नवल नाही.

आता संशोधनाकडे वळू. चेतातंतूंतून संदेश जाण्याचा वेग मोजताच येणार नाही, असे मानले जात असताना जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूवर तो मोजला, आणि तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरला. पुढे १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गॉल्टन यांनी हजारो लोकांकडून तीन पेन्स घेऊन त्यांची दृष्टी, पकड, प्रतिक्रियेचा वेळ असे बरेच काही मोजले. बुद्धी या साध्या मापांत सापडेल ही आशा १९०१ मध्ये मावळली, कारण क्लार्क विस्लर यांना कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रियावेळाचा आणि गुणांचा जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. अर्थात, सगळे विद्यार्थी निवडून घेतलेले आणि मोजमापे थोडी, हा त्या अभ्यासाचा दोषही होता.

सर्वसामान्य लोकांचा मोठा नमुना घेतल्यावर चित्र बदलते. इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये स्कॉटलंडमधील सुमारे ५६ वर्षे वयाच्या ९०० जणांची माहिती प्रसिद्ध केली. एकच खूण दिसताच बटण दाबायचे असेल, तर लागणारा वेळ आणि बुद्धिचाचणीचे गुण यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पुरता संबंध, आणि उणे म्हणजे वेळ कमी तिथे गुण जास्त) उणे ०.३१ होता, चार बटणांतून योग्य ते निवडायचे असेल, तर तो उणे ०.४९ झाला. म्हणजे निवड करावी लागली की वेगाचा बुद्धीशी संबंध वाढतो, आणि हा संबंध खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ०.४९ चा वर्ग केला तर ०.२४ येतो, लोकांच्या गुणांत जो फरक पडतो त्यातला चौथा हिस्साही या वेळाशी जोडता येत नाही. एवढ्या आधारावर एखाद्या मुलाविषयी निकाल देणे धाडसाचे होईल.

शिवाय मेंदूचे 'जास्त चालणे' म्हणजे बुद्धी, हेही खरे नाही. रिचर्ड हायर यांनी १९८८ मध्ये आठ स्वयंसेवकांच्या मेंदूतील ग्लुकोजचा, म्हणजे मेंदूच्या इंधनाचा, खप 'पेट' स्कॅनने पाहिला, तेव्हा तर्कचाचणीत अधिक गुण मिळवणाऱ्यांचा खप कमी आढळला. नमुना लहान होता, आणि काम फार अवघड असल्यास हे नाते टिकत नाही असे पुढच्या अभ्यासांत दिसले आहे. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९७७ मध्ये साधर्म्याच्या ('अ'चे 'ब'शी जे नाते, तेच 'क'चे कशाशी, अशा) कोड्यांवर केलेले काम तर आपल्या प्रश्नाला थेट भिडते: चांगला तर्क करणारे लोक प्रश्नातील पदे समजून घेण्याच्या पहिल्या टप्प्याला उलट जास्त वेळ देतात आणि पुढचे टप्पे लवकर उरकतात.

मुलांची वेश्लर ही बुद्धिचाचणीही गती वेगळी मोजते. आकड्याखाली ठरलेले चिन्ह काढत जायचे, वेळ दोन मिनिटे. असे उपप्रकार 'प्रोसेसिंग स्पीड' या स्वतंत्र गटात येतात, आणि भाषिक आकलन किंवा तर्क यांचे गुण निराळे मांडले जातात. पेन्सिल घट्ट धरणारा, प्रत्येक चिन्ह खोडून नीट काढणारा मुलगा इथे मागे पडतो आणि तर्कात पुढे असू शकतो.

तेव्हा 'गतिमंद' हा शब्द ज्याला वेळ अधिक लागतो त्याच्यापुरता ठेवावा, आणि तोही शिक्का म्हणून न मारता काय सावकाश होते ते लिहावे: वाचन, लेखन की उत्तर देणे. 'मतिमंद' मात्र आता नोंदीत लिहूच नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 'बौद्धिक अक्षमता' ही संज्ञा वापरावी. तिच्या व्याख्येत तर्क, शिकणे, प्रश्न सोडवणे यांतील लक्षणीय मर्यादा आणि दैनंदिन व्यवहारातील जुळवून घेण्याची मर्यादा, अशा दोन्ही गोष्टी लागतात, वेगाचा उल्लेख नाही. ती ठरवण्याचे काम तज्ज्ञांचे आहे, वर्गशिक्षकाचे नाही.

लेखनाविषयी एवढेच, की सुटा शब्द 'गती', 'मती' असा दीर्घ लिहितात, पण समासाच्या पूर्वपदी तो ऱ्हस्व होतो. त्यामुळे पृच्छेतील 'गतीमंद' हे लेखन 'गतिमंद' असे हवे.