जोशींना नमस्कार

मावशी, माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. पूर्वी दिवा लावला की धावत यायचा. आता 'शुभं करोति'ची वेळ झाली की बाथरूममध्ये जाऊन बसतो. स्टिकरचा तक्ता केला, चॉकलेट ठेवलं, टीव्हीवर कार्टूनवालं लावून पाहिलं. सुरुवातीला तो 'दीपक जोशी नमोस्तुते' म्हणायचा. इतकं गोड, की व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला होता. सासूबाई म्हणतात, संस्कार कमी पडले. प्रार्थना खेळातून शिकवायचे काही उपाय सांगाल का?
— एक आई, डोंबिवली

अगं, उपाय कसले विचारतेस? ते व्हिडिओचं वाक्य मी तीनदा वाचलं. किती जणांना पाठवलास? नंतर कुणीतरी 'काय रे, जोशीबुवा बरे आहेत ना?' विचारलंच असेल आणि सगळं घर हसलं असेल, सासूबाईंसकट.

पोर हात जोडून मनापासून म्हणत होतं. ज्योती त्याला कुणी दाखवलीच नव्हती. जोशी निदान जिन्यात भेटतात. त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला आणि तुम्ही त्याची करमणूक केलीत. बाथरूममध्ये मोबाइल येत नाही, म्हणून तो तिथे बसतो.

आणि तू गं? गणपतीत टाळ्या वाजवत 'संकष्टी पावावे' म्हणतेस ना? ते 'संकटी' आहे बाई. चतुर्थीचा तिथे काही संबंध नाही. 'ओटी शेंदुराची' म्हणत असशील तर तीही 'उटी', म्हणजे अंगाला लावायचा लेप. मी स्वतः चाळिशीपर्यंत 'ओटी'च म्हणत होते. आपला व्हिडिओ कुणी फिरवला नाही, म्हणून आपण अजून आरतीला उभ्या राहतो.

तेव्हा आज एवढंच कर. त्याला मांडीवर घे, त्याच्यादेखत तो व्हिडिओ पुसून टाक आणि म्हण, 'चुकलं माझं, तुला न विचारता पाठवला.' स्टिकर, चॉकलेट बंद. महिनाभर त्याला 'म्हण' म्हणायचं नाही.

खेळ हवाय ना? मग चुकायची पाळी तुझी. दिवा लाव आणि मोठ्यानं म्हण, 'दिव्या दिव्या दीपत्कार, कानी कुंडल मोतीचूर.' आणि पुढे जा, त्याच्याकडे बघूही नकोस. एकदोन दिवस काही होणार नाही. मग कधीतरी बाथरूमच्या दारातून 'मोतीचूर नाही, मोतीहार!' असं ओरडणं ऐकू येईल. 'अगं बाई, हो की' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी नवी चूक काढायची.

ज्योतीची ओळख मात्र हातानंच करून दे. कापसाचा पुंजका त्याच्या तळहातावर ठेव, चिमटीला दुधाचा थेंब लावून टोक वळायला शिकव. ही फुलवात, तुपाच्या निरांजनातली. समईला लांब वात आणि तेल. त्याची पहिली वात वाकडी होईल, बुडाशी भोपळ्यासारखी फुगेल. तीच लाव. मग जरा लांबूनच त्याला तिच्याशी बोलू दे. नुसतं 'ए' म्हटलं तरी टोक हलतं. हललं की सांग, ही बघ ज्योती.

सासूबाईंना आधीच बजावून ठेव, हसू आलं तर पदर तोंडात धरा. आणि तुझा मोबाइल तेवढा वेळ पोह्यांच्या डब्यात, वर झाकण लावून.