पाहुण्यांची माहिती फुटली, नोटीस मात्र आम्हाला

प्रश्न : देवबागला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. मी, आमचे हे आणि भाचा मिळून चालवतो. दोन वर्षांपासून बुकिंगसाठी एका कंपनीचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने घेतलंय. पाहुण्यांचे फोन नंबर, आधारचे फोटो, स्कूबाला जाणाऱ्यांनी भरलेले फॉर्म असं सगळं भाचा त्यात चढवायचा. दिवाळीनंतर पाहुण्यांना फोन येऊ लागले, 'तुमचं देवबागचं बुकिंग रद्द झालंय, रिफंडसाठी लिंक पाठवतोय.' नाव, तारीख, खोली, ॲडव्हान्सची रक्कम, सगळं बरोबर सांगायचे. मग कंपनीची मेल आली की त्यांच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं होतं. कोल्हापूरच्या एका पाहुण्याचे ४८ हजार गेले. त्यांच्या वकिलाने आम्हाला पाच लाखांची नोटीस पाठवलीय, मुदत पंधरा दिवस. कंपनी म्हणते, करारानुसार आमची जबाबदारी एका महिन्याच्या भाड्याएवढीच. आमचे हे म्हणतात, मोबाईलमधलं सगळं पुसून टाक आणि आमच्याकडे काही नव्हतंच म्हणून सांग. त्यात कुणीतरी २५० कोटींच्या दंडाचा मेसेज पाठवला, तेव्हापासून झोप नाही. ४८ हजार देऊन विषय मिटवू का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तो मोबाईल भाच्याच्या हातून काढून घ्या आणि कपाटात ठेवा. त्यातलं एक अक्षरही पुसायचं नाही. तुमच्या यजमानांची भीती मला कळते. पण नोटीस हातात पडल्यावर पुरावा ठरेल असं काही मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आज तुमच्यासमोर आहे तो पैशाचा दावा. पुसापुशी केलीत तर फौजदारीचं दार तुम्हीच उघडून द्याल. बरं, उपयोगही नाही. आधारचे फोटो पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवले, ते त्यांच्याही मोबाईलमध्ये आहेत. ॲडव्हान्सची नोंद बँकेत आहे. 'आमच्याकडे काही नव्हतंच' हे पहिल्याच तारखेला उघडं पडेल. शिवाय त्याच मोबाईलमध्ये तुमच्या बाजूचाही पुरावा आहे, त्याकडे येतोच.

आता तुमची झोप उडवणारा आकडा. तो खोटा नाही, पण आज तो तुमच्यासाठी नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यात सुरक्षेची खबरदारी न घेतल्याबद्दल कमाल दंड २५० कोटी आहे. 'कमाल' हा शब्द मेसेज पुढे ढकलणारे नेहमी गाळतात. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तो दंडही सरकारी तिजोरीत जमा होणार, ज्याची माहिती फुटली त्याला छदाम मिळणार नाही. उलट हा कायदा पूर्ण लागू झाला की माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३ए रद्द होणार आहे. सामान्य माणसाच्या हातातलं हे हत्यार काढून घेणं मला पटलेलं नाही. पण तो वाद दिल्लीचा आहे, तुमचा आजचा प्रश्न देवबागचा.

आज ४३ए जिवंत आहे आणि कोल्हापूरच्या वकिलांनी बोट ठेवलंय ते त्याच्यावरच. या कलमात जबाबदार धरलं जातं ते 'बॉडी कॉर्पोरेट'ला. हा शब्द ऐकून एखादी मोठी कंपनी डोळ्यांपुढे येते, पण व्याख्येत एकट्या मालकाचा धंदाही मोडतो. म्हणजे माडांतल्या तुमच्या चार खोल्या कायद्याच्या लेखी बॉडी कॉर्पोरेट. 'आम्ही लहान माणसं' हा बचाव इथे चालणार नाही.

पुढची गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. हे कलम सगळ्या माहितीला लागत नाही, फक्त 'संवेदनशील' माहितीला लागतं. त्यात काय काय येतं ते २०११ च्या नियमांत दिलंय : पासवर्ड, बँक खातं आणि कार्डाचे तपशील, आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक म्हणजे बोटांचे ठसे वगैरे. फोन नंबर त्यात नाही. मुक्कामाच्या तारखाही नाहीत. आधारचा क्रमांक आणि पत्तासुद्धा त्या यादीत सरळ सापडत नाहीत, त्यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. तुम्ही आधारच्या फोटोंनी घाबरलात, मी तुमचं पत्र वाचताना थांबलो ते स्कूबाच्या फॉर्मपाशी. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, गरोदर आहात का, अपस्मार आहे का. प्रत्येक रकान्यातली ती बरोबरची खूण म्हणजे आरोग्याची माहिती, आणि ती निःसंशय त्या यादीत बसते. डायव्ह झाली, माणूस पाण्याबाहेर सुखरूप आला, त्यानंतर तो फॉर्म दोन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं काय कारण होतं? गरजेपेक्षा जास्त काळ माहिती ठेवू नये असं तेच नियम सांगतात. कोल्हापूरच्या पाहुण्यांनी फॉर्म भरला होता का, हे आजच बघा. ते फक्त सिंधुदुर्ग किल्ला बघून आणि सोलकढी पिऊन गेले असतील तर ४३ए चा बराच जोर ओसरतो.

पुढचा प्रश्न निष्काळजीपणाचा. माहिती फुटली म्हणजे तुम्ही आपोआप दोषी झालात असं नाही. जो संगणक तुमच्या मालकीचा, ताब्यातला किंवा तुम्ही चालवता असा आहे, त्याच्या सुरक्षेत तुम्ही हयगय केली आणि त्यामुळेच नुकसान झालं, हे समोरच्याने दाखवायला हवं. सर्व्हर कंपनीचा होता आणि भगदाड तिथेच पडलं, ही तुमची मजबूत बाजू. पण म्हणूनच भाच्याला समोर बसवा आणि न रागावता विचारा. पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता? मे महिन्यापुरता ठेवलेला पोरगा काम सोडून गेला, तेव्हा तो बदलला का? आधार आणि फॉर्म बोटवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवले जायचे का? मालवण-तारकर्ली पट्ट्यात हे सर्रास चालतं, म्हणून विचारतोय. उत्तर काहीही असो, मला खरं सांगा. वकिलाला अर्धवट माहिती देऊन केस लढणं म्हणजे ओहोटी न बघता होडी काढण्यासारखं.

पाहुण्याचे ४८ हजार कसे गेले हेही महत्त्वाचं. त्याने लिंक उघडून ओटीपी दिला असेल तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे तो स्वतः बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी येतं. बँकेकडे दाद लागत नाही, म्हणून तो तुमच्या दारात आला आहे. 'ओटीपी त्यानेच दिला' हे आपण उत्तरात म्हणू, पण त्यावर फार विसंबू नका. तो म्हणेल की फोनवाल्याला माझी खोली आणि ॲडव्हान्सची रक्कम माहीत होती म्हणून मी विश्वास ठेवला. त्यात तथ्य आहे.

त्याच्याकडे रस्ते दोन. एक, ४३ए खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे अर्ज. पाच कोटींपर्यंतचे असे दावे दिवाणी न्यायालयात नाही, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून त्यांच्यापुढे चालतात. दोन, ग्राहक आयोग. मला वाटतं तो दुसरा धरेल, कारण ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे गगनबावड्याचा घाट चढून जायचं तुम्हाला. तिथे संवेदनशील माहितीची यादी आड येत नाही, सेवेतली त्रुटी दाखवली की पुरे.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, ते सांगतो. नोटीस एकाची आली, पण दोन वर्षांत किती कुटुंबं तुमच्याकडे राहून गेली? त्यांना तुम्ही अजून कळवलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. बोभाटा होईल, सीझन बुडेल, ही धास्ती मी समजू शकतो. पण झालं ते चोरट्याने केलं. कंपनीची मेल आल्यानंतरही तुम्ही गप्प राहिलात आणि उद्या आणखी कुणाचे पैसे गेले, तर त्या गप्प राहण्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल, तिथे सर्व्हर कुणाचा हे कुणी विचारणार नाही. तेव्हा आजच प्रत्येकाला कळवा. मजकूर साधारण असा ठेवा :

'नमस्कार. आमचं बुकिंग ज्या सॉफ्टवेअरवर नोंदलं जात होतं, त्यातून पाहुण्यांची माहिती बाहेर गेल्याचं कंपनीने आम्हाला कळवलं आहे. तुमचं नाव, फोन, मुक्कामाच्या तारखा आणि ओळखपत्राचा फोटो त्यात असू शकतो. आमच्या नावाने रिफंडचा फोन आला तर तो आमचा नाही. आम्ही लिंक पाठवत नाही, ओटीपी मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं.'

स्कूबाचा फॉर्म भरलेल्यांना त्याचा स्पष्ट उल्लेख करून वेगळा निरोप द्या. 'आमची चूक झाली' असं लिहू नका आणि 'आमचा काही संबंध नाही' असंही नको. घडलं तेवढंच लिहा. आणि कृपा करून भाच्याला त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढू देऊ नका! सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतील आणि माहिती दुसऱ्यांदा फुटेल, या खेपेला खरोखर तुमच्या हातून. एकेकाला एसएमएस करा.

त्याच दिवशी तुमची स्वतःची तक्रार द्या, मालवण पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. तुमच्या होमस्टेचं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय, तेव्हा तुम्हीही फिर्यादी आहात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी (ओळखीची चोरी) आणि ६६डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक) या कलमांचा उल्लेख करा. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचाच अधिकारी करू शकतो, म्हणून भेटायचं ते थेट पोलीस निरीक्षकांना. आणि तिथे देवळात घालतो तसं गाऱ्हाणं नको. कुठल्या तारखेला, कुठल्या नंबरवरून, कुठल्या पाहुण्याला फोन आला, याची यादी लिहून न्या. पाहुण्यांनी तुम्हाला पाठवलेले स्क्रीनशॉट ज्या मोबाईलवर आले तो मोबाईल जपायला सांगितला तो यासाठीच. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ मोबाईलच नसेल तर ते देताना अडचण येते.

कंपनीला सोडायचं नाही. 'एका महिन्याचं भाडं' हे कलम त्यांनी लिहिलंय, ते ब्रह्मवाक्य नव्हे. मुळात तो करार तुमच्या-त्यांच्यातला, पाहुण्याला तो बांधील नाही. तुम्ही धंद्यासाठी सेवा घेतलीत म्हणून ग्राहक नाही, असं ते म्हणतील. पण स्वतः राबून, निव्वळ पोटापाण्यासाठी चालवलेल्या धंद्याला ग्राहक संरक्षण कायद्याने यातून सूट दिलीय. कायद्यात ती विकत घेतलेल्या वस्तूंपुरती लिहिलीय, तरी तुमच्या होमस्टेने घेतलेल्या सेवेलाही ती लागावी असं माझं मत आहे. तो करारच अनुचित आहे अशी तक्रार करायची तर मात्र ती जिल्हा नाही, राज्य आयोगाकडे जाते. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा घाई तिची नाही.

घाई आहे ती नोंदींची. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा. तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. त्यापुढे त्या राहतीलच याची हमी नाही. म्हणून कंपनीला स्पीड पोस्टाने आणि मेलने चार ओळी पाठवा : शिरकाव कधी झाला, तुम्हाला कधी कळला, माझ्या पाहुण्यांची नेमकी कुठली माहिती गेली, सर्ट-इनला कधी कळवलंत, आणि नोंदी प्रकरण संपेपर्यंत जपून ठेवा. शिरकावाची तारीख पाहुण्यांना आलेल्या पहिल्या फोनच्या आधीची निघाली, तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं. निर्देश बॉडी कॉर्पोरेटलाही लागू आहेत, तेव्हा तुमच्याकडूनही सर्ट-इनला एक मेल जाऊ द्या. उशीर झालाय, तरी जाऊ द्या.

आता ४८ हजारांचं. आज, असं घाबरून, देऊ नका. एकाला दिलेत की तो कबुलीजबाब समजला जाईल आणि बाकीचेही रांगेत उभे राहतील. नोटिशीला उत्तर मुदतीत जाईल, त्यात पैशाची जबाबदारी नाकारू पण तपासाला हवी ती मदत देऊ असं लिहू. त्यानंतरही तुम्हाला माणुसकी म्हणून काही द्यावंसं वाटलं तर 'हक्कांना बाध न येता' असं लिहून, पूर्ण आणि अंतिम फेड झाल्याची सही घेऊनच. तीही कंपनीला कळवून, म्हणजे तेवढी रक्कम पुढे त्यांच्याकडून मागता येईल.

पुढच्या सीझनपासून आधारचे फोटो गोळा करणं बंद. ओळखपत्र डोळ्यांनी बघा, नोंदवहीत शेवटचे चार अंक लिहा, कुणी मास्क्ड आधार, म्हणजे शेवटचे चार अंकच दिसणारं आधार, दाखवलं तर उत्तम. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने, हॉटेलांना आधारच्या झेरॉक्स घेण्याचा अधिकार नाही, असं पत्रक काढलं होतं आणि दोनच दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं, त्यामुळे गोंधळ आहे हे खरं. तुमच्या पोलीस ठाण्याची नोंदवहीबाबत काही वेगळी सूचना असेल तर ती लेखी मागून घ्या. जुने फोटो आणि फॉर्म कधी पुसायचे ते मी सांगेन, प्रकरण निकाली निघण्याआधी नाही.

बुधवारी कुडाळला या. मोबाईल, त्याचा चार्जर, नोटीस आणि ती आलेलं पाकीट, कंपनीची मेल, दोन वर्षांची भाड्याची बिलं घेऊन या. भाच्यालाही आणा, आणि एसटीत त्याला तो मोबाईल उघडू देऊ नका.